शिंद्यांचें लष्कर व ब्रॉटनची साक्ष

मराठ्यांच्या छावणीचें वर्णन करण्याचा प्रसंग आला म्हणजे आमचे लेखक बहुधा एकाच इंग्रजी ग्रंथाकडे धांव घेतात. टॉमस ड्यूअर ब्रॉटन हा दौलतराव शिंद्यांच्या दरबारीं असलेल्या इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षक पथकाचा अधिकारी होता. त्यानें इ. स. १८०९ सालीं शिंद्यांच्या छावणींतून लिहिलेलीं पत्रें १८१३ सालीं लंडन येथें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं, व १८९२ सालीं तीं पुनः छापण्यांत आलीं. ग्रंथ मनोरंजक आहे, डोळस आहे, व त्यासारखें दुसरें समकालीन वर्णन सांपडणें कठीण आहे. परंतु साक्षीदार एकच असला म्हणजे त्याची उलटतपासणी अधिक कसून केली पाहिजे. ती आजवर पुरेशी झालेली नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम ही छावणी म्हणजे काय होतें तें ध्यानांत घेतलें पाहिजे. उज्जयिनी ही शिंद्यांची राजधानी म्हणून सांगण्यांत येते. परंतु धनी जेथें असे तेथेंच दफ्तर, खजिना, तोफखाना, वकील व सावकार असत. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वारले तेहि पुण्याजवळ वानवडीच्या छावणींत. तेव्हां ‘लष्कर’ या शब्दानें केवळ फौज समजूं नये. तें चालतें राज्यच होतें.

या चालत्या राज्याची मांडणी ब्रॉटननें स्वतः पाहून लिहिली आहे, व ग्रंथाचा हाच भाग सर्वांत मोलाचा होय. कूच झालें कीं बिनीवाला लहान पांढरें निशाण घेऊन पुढें जाई. जेथें तें निशाण रोंवलें जाई तेथें धन्याची ड्योढी पडे, व तिच्या अनुरोधानें बाजार व सरदारांचे गोट आपापल्या ठरल्या जागीं उतरत. मुलूख बदले, परंतु जागेचा क्रम बदलत नसे. बिनीवाल्यास ब्रॉटन आपल्याकडील छावणी आंखणाऱ्या अधिकाऱ्याची उपमा देतो. तेवढ्यानें त्या शब्दाचा पुरता अर्थ लागत नाहीं. मराठींत बिनी म्हणजे सैन्याची आघाडी. पुढें जाणें, वाटेची खबर घेणें व तळाची जागा धरणें हीं कामें त्या एकाच शब्दांत येतात.

आतां या वर्णनाशेजारीं ब्रॉटनचा निकाल ठेवून पाहावा. मराठ्यांच्या स्वभावाविषयीं त्यानें फार कठोर शब्द वापरले आहेत, आणि छावणीची अव्यवस्था व बेशिस्त हीं त्या स्वभावाचीं फळें असा त्याचा कल दिसतो. परंतु हजारों माणसें, जनावरें व दुकानें उजाड माळावर कांहीं तासांत आपापल्या ठिकाणीं बसत असतील, तर त्यास अव्यवस्था म्हणतां येत नाहीं. येथें ब्रॉटनचे डोळे एक सांगतात व मत दुसरें सांगतें. आमच्या लेखकांनीं मत उचललें व डोळ्यांनीं पाहिलेलें सोडून दिलें, हा उलटा न्याय झाला.

दुसरा मुद्दा काळाचा. शिपायांचे पगार थकत, ते धरणें धरून बसत, व धनी आणि कारभारी यांना अडवून धरीत, हें ब्रॉटन वारंवार सांगतो. तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. जयपूरच्या मुलखांत दुणीच्या गढीस वेढा घालूनहि ती हातीं आली नाहीं, व सर्जेराव घाटगे याच सालीं छावणींतच मारले गेले. परंतु ही स्थिति केव्हांची? असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, लासवारीची १ नोव्हेंबरची, आणि सुर्जी-अंजनगांवचा तह ३० डिसेंबर १८०३ चा. त्या तहानें गंगायमुनांच्या दुआबांतील मुलूख, भडोच व अहमदनगर हातचे गेले. ज्या वसुलावर कवायती पलटणी पोसल्या जात तो वसूलच तुटला. तोंडें मात्र बरींचशीं राहिलीं. खंडणीसाठीं गढ्यांवर जाणें हें त्या छावणीचें पोट भरण्याचें साधन झालें. हें पराभवानंतरच्या सहाव्या वर्षाचें चित्र आहे. त्यावरून महादजींच्या किंवा त्याहून पूर्वींच्या छावणीविषयीं अनुमान बांधणें म्हणजे दुखणेकऱ्याच्या नाडीवरून त्याच्या तरुणपणाचें बळ मोजण्यासारखें आहे.

तिसरा मुद्दा साक्षीदाराच्या जागेचा. रेसिडेंटाचा तळ शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडे, परंतु निराळा पडे. ब्रॉटन सण, मिरवणुकी, बाजार हें प्रत्यक्ष पाहतो. ड्योढींतील मसलत मात्र त्यास ऐकून लिहावी लागते. त्यास हिंदी लोककाव्याची गोडी होती, व त्याचा एक संग्रहहि त्यानें १८१४ सालीं छापला; पण शिंद्यांचें दफ्तर मोडींत होतें. म्हणून तो डोळ्यांनीं पाहून लिहितो तेथें तो उत्तम साक्षीदार आहे. भोपाळांत कैदेंत पडलेल्या भावास सोडविण्यासाठीं पुरुषवेषानें जोरावरसिंग या नांवें पलटणींत चाकरी करणाऱ्या स्त्रीची हकीकत, व तिच्याविषयीं बायजाबाईंनीं दाखविलेली आस्था, हीं त्याच्याच लेखणीमुळें राहिलीं. त्याबद्दल आपण त्याचे ऋणीच आहों.

हा केवळ निंदास्तुतीचा वाद नव्हे; संग्राहकांच्या रोजच्या कामाशीं त्याचा संबंध आहे. दौलतरावांनीं १८१० सालीं ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो पुढें हललाच नाहीं. तंबूंच्या जागीं वाडे झाले, बाजारांच्या पेठा झाल्या, व छावणीचें सामान्यनाम शहराचें विशेषनाम बनलें. आजहि ग्वाल्हेर शहराचा तो भाग लष्कर या नांवानेंच ओळखला जातो. याचा परिणाम असा कीं, ‘मुक्काम लष्कर’ एवढाच उल्लेख असलेला कागद हातीं येतांच यादींत त्यापुढें ग्वाल्हेर असें लिहिण्याचा मोह होतो. कागद १८१० च्या पूर्वींचा असेल तर ही चूक शेंकडों मैलांची ठरते. अशा पत्राचें स्थळ मित्तीवरून व त्या दिवशींच्या कुचाच्या हकीकतीवरूनच ठरविलें पाहिजे. त्या कामीं ब्रॉटनच्या पत्रांतील मुक्काम व तारखा फार उपयोगी पडतील, आणि त्याच्या ग्रंथाचा खरा उपयोग हाच होय.

सर जदुनाथ सरकार व गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं निघालेल्या पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारानें इंग्रजी बाजू बरीच उजेडांत आली आहे. आनंदराव भाऊ फाळके यांनीं शिंदेशाहीचीं साधनें छापून मराठी बाजूस वाट करून दिली. परंतु बिनीवाल्यांचे, बाजारच्या कोतवालीचे, शागीर्दपेशाच्या हजिरीचे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. छावणीचा इतिहास अशाच कागदांत दडलेला असतो. ते कोणाच्या संग्रहीं असतील तर त्यांनीं ते रद्दींत न घालतां त्यांची नुसती यादी जरी प्रसिद्ध केली, तरी ब्रॉटनच्या समोर दुसरा साक्षीदार उभा राहील. आणि मग या चालत्या राजधानीचा निवाडा एका परक्याच्या मतावर अवलंबून राहणार नाहीं.