वस्तुमान सेकंदांत मोजणारा निबंध

बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांचा ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मधला १९९१चा शोधनिबंध मी अजूनही काढून वाचतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तो घडला, तेव्हा अमेरिकेत गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचं बांधकामही सुरू झालं नव्हतं. एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे गुरुत्वीय लहरींवाटे ऊर्जा गमावतात, कक्षा आकसते, फेरे वेग घेतात आणि शेवटी टक्कर होते. त्या अखेरच्या क्षणांत लहरीची वारंवारता आणि ताकद दोन्ही चढत जातात. हा चढता सूर उपकरणाच्या गोंगाटात बुडालेला असणार. तो ओळखायचा तर आधी त्याचा गणिती साचा हवा, मग नोंदीशी ताडणी. पण साचे करायचे किती?

इथे लेखकांची नजर पाहावी. लहर कधी आली हे माहीत नसतं, म्हणून एकच साचा सगळ्या नोंदीवरून सरकवायचा. फूरिए रूपांतर ते काम एका दमात उरकतं. लहरीची कला, म्हणजे ती फेऱ्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे माहीत नसतं, तर पाव फेऱ्याचं अंतर असलेले दोन साचे घ्यायचे आणि उत्तरांच्या वर्गांची बेरीज करायची. उरतं वस्तुमान, आणि निबंधाचा जीव तिथेच आहे. दोन्ही ताऱ्यांची वस्तुमानं गुंफून एक राशी होते. ती जशीच्या तशी न वापरता लेखक विचारतात: लहर १०० हर्ट्झला पोचल्यापासून टकरीपर्यंत वेळ किती? ती राशी सूर्याएवढी असेल तर ३ सेकंद. वस्तुमान असं सेकंदांत मोजलं जातं! वस्तुमानाच्या मापावर साचे कुठे दाट, कुठे विरळ लावावे लागतात. वेळेच्या मापावर मात्र दोन साच्यांचं साम्य त्यांच्या वेळांमधल्या फरकावरच ठरतं. मग आमच्या नगरकडे पाभरीनं ज्वारी पेरतात तशा सारख्या अंतराच्या ओळी पडतात.

कोणी म्हणेल, हा नुसता चलबदल. पण गणिताची चव मला अशाच जागी लागते.

साचा मात्र साधाच आहे: कक्षा न्यूटनची, ऊर्जेचा ऱ्हास आइन्स्टाइनच्या सूत्रानं. सापेक्षतेच्या बारीक दुरुस्त्या पुढे आल्या, तशी वेळेची दुसरी मापंही आली. लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेली पहिली लहर ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या कृष्णविवरांची. ती जेमतेम ०.२ सेकंद टिकली. ऑगस्ट २०१७ मधली न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर सुमारे १०० सेकंद ऐकू येत राहिली. जड जोडी आखूड, हलकी जोडी लांब: निबंधातल्या सूत्रात वस्तुमानावर जो उणे पाच-तृतीयांश घातांक आहे, तो हेच सांगतो.