दीक्षेनंतरचा अभ्यास

गुरुदीक्षेच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतून ज्या स्मरणिका निघतात, त्या आम्ही पुण्यात अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहोत. त्यांचा साचा ठरलेला असतो. जन्म, शाळा, सेमिनरीतील तत्त्वज्ञान व ईशज्ञान, पदव्या आणि अखेरीस दीक्षेची तारीख. 'प्रशिक्षण पूर्ण झाले' या वाक्याशी कथा संपते. या लेखनाची उणीव आम्हांस नेमकी येथेच जाणवते. तरुण काय शिकला हे कळते. तो आतून कसा पालटला हे कळत नाही.

याच्या तुलनेत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा आरंभ पाहावा. जन्माने इंग्रज असलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे पुराण राशोल येथे १६१६ साली छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे लोटली. तरीही काव्यारंभी कवी आपल्या विद्वत्तेची ग्वाही देत नाही. धर्मशिक्षण चालू असता श्रोत्यांतील एक ब्राह्मण उठतो आणि आम्हांलाही आमच्या भाषेत एखादे पुराण हवे, अशी मागणी करतो. पूर्वीची पुराणे ज्यांना वर्ज्य झाली, त्यांची ती मागणी होती. तिच्यात एक पोकळी बोलत होती. गुरूने ती ऐकली आणि सुमारे अकरा हजार ओव्या सिद्ध झाल्या. शिकवणारा येथे श्रोता झाला, हे या प्रसंगाचे मर्म होय.

स्मरणिकेकडून पुराणाची अपेक्षा करणे अन्याय्य आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आमचा प्रश्न आकाराचा नसून दृष्टीचा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली धर्मगुरूंच्या घडणीविषयी प्रसिद्ध केलेल्या पत्रात मानवी घडण हा साऱ्या घडणीचा पाया मानला आहे आणि ही घडण दीक्षेनंतरही आयुष्यभर चालावयाची, असे सांगितले आहे. मग दीक्षेची तारीख हा शेवट कसा ठरावा?

आमचाच अनुभव सांगावयाचा तर, सेमिनरीत आम्ही इंग्रजीतून ईशज्ञान शिकलो. पहिल्या मराठी प्रवचनानंतर एका वृद्ध मावशींनी हात जोडून म्हटले, "फादर, बोललात छान, पण आमच्याशी बोलला नाहीत." त्या दिवशी आम्ही ओशाळलो. आज वाटते, आमच्या अभ्यासक्रमातील उरलेला विषय त्यांनीच सुरू करून दिला.

म्हणून स्मरणिकांच्या संपादकांना आमची एक विनंती आहे. नवदीक्षितांच्या पदव्या अवश्य छापाव्यात. मात्र रौप्यमहोत्सवाच्या अंकात त्याच धर्मगुरूंना एक प्रश्न विचारावा: लोकांनी आपणांस काय शिकविले? त्या उत्तरास दोन पाने राखून ठेवावीत. प्रशिक्षण कितपत फळाला आले, हे वाचकांस तेथेच कळेल.