संयुक्त ताबा : न्यायालयांच्या तर्काची चिकित्सा

मागील टिपणात आपण पालकत्व आणि ताबा यांतील कायदेशीर फरक पाहिला. अज्ञान मुलाच्या वतीने सही कोण करतो, त्याच्या मालमत्तेचा व्यवहार कोण पाहतो, हा पालकत्वाचा प्रश्न. ते मूल रोज कोणाच्या घरी झोपते आणि सकाळी त्याला शाळेत कोण सोडते, हा ताब्याचा प्रश्न. विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी एकाकडेच मूल न सोपवता ते दोघांकडेही राहावे, असा आदेश आपली न्यायालये कशाच्या आधारे देतात आणि तो आधार कितपत टिकतो, हे प्रस्तुत टिपणात तपासायचे आहे. निकालांतील पक्षकारांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत. त्या निकालांतील मुले आता मोठी होत आहेत, आणि आपल्या घरातले भांडण कायद्याच्या पाठ्यपुस्तकात वाचण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत जमिनीच्या व्यवहारात ‘ताबा पावती’ असते, नव्या सदनिकेचा ‘ताबा’ मिळतो, आणि घटस्फोटाच्या अर्जात मुलाचाही ‘ताबा’ मागितला जातो. मुले ही आईवडिलांची चीजवस्तू नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितले. तरी अर्जाचा नमुना बदलला नाही. हा केवळ भाषेचा दोष नाही. ताबा ही कल्पनाच अशी आहे की तो एकाकडे असला म्हणजे दुसऱ्याकडे नसतो. ‘संयुक्त ताबा’ या शब्दप्रयोगातला पहिला शब्द दुसऱ्याशी भांडतो, आणि या विषयावरील बहुतेक निकालांतली ओढाताण तेथूनच सुरू होते.

कायद्यात काय आहे

पालक व पाल्य अधिनियम, १८९० आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ या दोन मुख्य कायद्यांत संयुक्त ताब्याची व्याख्या नाही. १८९० च्या कायद्याचे कलम १७ न्यायालयाला मुलाचे कल्याण पाहण्यास सांगते आणि त्यासाठी मुलाचे वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, नात्याची जवळीक अशा बाबी लक्षात घ्यायला लावते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ ‘शकते’. विद्यार्थ्यांनी हे क्रियापद लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. १९५६ च्या कायद्यातील कलम ६ वडिलांना, आणि त्यांच्यानंतर आईला, नैसर्गिक पालक ठरवते. त्याच कलमाच्या परंतुकानुसार पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. कलम १३ मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. हनफी मुस्लिम कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे आणि पालकत्व वडिलांकडे, अशी विभागणी आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६ आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ चे कलम ३८ घटस्फोटाच्या दाव्यात ताब्याबाबत न्याय्य वाटतील असे आदेश देण्याची मुभा देतात. संयुक्त ताब्याचे आदेश मुख्यतः या मोकळ्या मुभेतून आणि पक्षकारांच्या संमतीच्या अटींतून आलेले आहेत.

‘त्यांच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ १९९९ साली बदलला. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून अर्ज केला असता रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ याचा अर्थ ‘मृत्यूनंतर’ असा न घेता ‘अनुपस्थितीत’ असा घेतला आणि कलम रद्द होण्यापासून वाचवले. निकाल गौरवला गेला, आणि ते योग्यच झाले. पण वाचताना एक गोष्ट खटकते. आईला पालक होता येते, ते वडील लक्ष घालत नसतील किंवा घालू शकत नसतील तेव्हा. दोघेही हजर आणि दोघेही सक्षम असतील तर क्रम तोच राहतो. संयुक्त ताब्यासाठी नेमकी हीच स्थिती लागते, आणि नेमक्या याच स्थितीत कायदा आईला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

‘कल्याण’ या शब्दाने काय सिद्ध होते

‘मुलाचे कल्याण सर्वोपरी’ हे वाक्य ताब्याच्या बहुतेक प्रत्येक निकालात असते. हरलेल्या बाजूच्या युक्तिवादातही ते असते. म्हणजे या वाक्याने निकाल ठरत नाही. तो ठरतो त्याच्या खालच्या, सहसा न उच्चारलेल्या गृहीतकांनी. न्यायालयांनी याद्या देण्याचा प्रयत्न केला आहे. २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांची परिपक्वता, मानसिक स्थैर्य, मुलाला चांगले शिक्षण देण्याची सोय, नैतिक चारित्र्य, आर्थिक स्थिती आणि मुलाशी असलेले नाते असे घटक मोजले. यादी उपयोगी आहे. मात्र तिचा रोख तुलनेकडे आहे, आणि तुलनेचा शेवट एकाच्या निवडीत होतो. दोघेही बरे असतील तर काय, याचे उत्तर या यादीत मिळत नाही.

त्याहून मोठे गृहीतक वेळेचे आहे. मूल अर्ज दाखल करताना तीन वर्षांचे असते. अंतरिम आदेशाने ते एकाकडे राहते. तारखा पडतात, समुपदेशकाचा अहवाल येतो, अपील होते. मूल आठ वर्षांचे होते तेव्हा न्यायालय म्हणते की ते या घरात रुळले आहे, शाळा आणि मित्र येथेच आहेत, आता हलवणे हिताचे नाही. हे म्हणणे खोटे नसते. पण ही स्थिरता बऱ्याच अंशी न्यायालयाच्या विलंबातूनच निर्माण झालेली असते, आणि पाच वर्षांखालील मुलाबाबतचे परंतुक त्या विलंबात आपोआप संपून जाते. ज्याने पहिल्या महिन्यात मूल आपल्याकडे ठेवले त्याला वेळेचे व्याज मिळत राहते. ताब्याच्या खटल्यात दोन्ही बाजू पहिल्याच आठवड्यात इतक्या हातघाईवर का येतात, याचे कारण स्वभावापेक्षा येथे अधिक आहे.

गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने या फासाकडे थेट पाहिले. मूल पाचपेक्षा लहान होते. आई योग्य आहे हे आईने सिद्ध करायचे नसून, परंतुकाला अपवाद का करावा हे वडिलांनी दाखवायचे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१७ च्या निकालात तर न्यायालय आणखी पुढे गेले. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून वडिलांकडे होती. आठव्या वर्षी तिची ओढ वडिलांकडे असणे स्वाभाविक होते. एकाच घराचा अनुभव असलेल्या मुलीची पसंती ही खरी निवड म्हणता येत नाही, अशा आशयाचा तर्क मांडून न्यायालयाने तिला आईकडे राहण्याचा अनुभव मिळावा असा आदेश दिला. माझ्या मते ताब्याच्या विषयातील हा अलीकडच्या काळातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला परिच्छेद आहे. मात्र त्याच निकालाने ‘पालक-दुरावा’ ही संज्ञा आपल्याकडच्या वकिलांच्या हाती दिली, आणि मूल भेटायला नाखूश दिसले की ती वापरण्याचा मोह वाढला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच बजावावे लागले की, दुरावा निर्माण करणाऱ्या वागण्याच्या नेमक्या घटना दाखवल्याशिवाय आईवर किंवा वडिलांवर असा शिक्का मारू नये. त्या प्रकरणात मुलांची पसंती मानली गेली आणि ताबा सैन्यदलात असलेल्या वडिलांकडे राहिला. दोन्ही निकाल आपापल्या जागी पटतात. पण खालच्या न्यायालयासमोर उभे असलेले मूल ‘मला बाबांकडेच राहायचे आहे’ म्हणाले, तर ते पढवलेले की मनातले, हे ठरवण्याची रीत दोन्हींत मिळत नाही. कलम १७ मधील ‘शकते’ हे क्रियापद १८९० पासून तेथेच उभे आहे.

सहा महिने तुझे, सहा महिने माझे

संयुक्त ताब्याचा सर्वांत चर्चिलेला आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१३ साली दिला. मुलगा बारा वर्षांचा होता. १ जानेवारी ते ३० जून तो वडिलांकडे आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर आईकडे राहील. एका सहामाहीत शनिवार-रविवारी तो दुसऱ्याकडे जाईल. शिक्षणाचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा उचलावा, अशी व्यवस्था केली गेली. कोणा एकाला ‘पाहुणा’ न करण्याचा न्यायालयाचा हेतू प्रशंसनीय आहे, आणि कायद्यात तरतूद नसताना ते धाडसाचेही होते.

तरी हा आदेश कॅलेंडर समोर ठेवून वाचावा. आपल्याकडचे शालेय वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते. १ जुलैला घर बदलायचे म्हणजे नव्या इयत्तेचे दप्तर एका घरात भरायचे आणि महिन्याभरात दुसऱ्या घरी न्यायचे. १ जानेवारीला बदलायचे म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. ही वाटणी जमिनीच्या सरस-निरस वाटणीसारखी आईवडिलांमध्ये चोख समान आहे. मुलाच्या वर्षाशी तिचा मेळ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीस बदल ठेवला असता तर निदान पुस्तके तरी एका घरी उघडली असती. शिवाय दोन्ही घरे शाळेपासून जाण्यायेण्याच्या अंतरावर असतील तरच अशी व्यवस्था चालते. पुण्यात वडील आणि नागपुरात आई असेल तर ती पहिल्याच सोमवारी मोडेल. अशा वेळी ‘संयुक्त’ या शब्दाचा अर्थ दिवसांच्या मोजणीत शोधणे व्यर्थ आहे.

विधी आयोगाचा अहवाल

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विसाव्या विधी आयोगाचा मे २०१५ चा २५७ वा अहवाल येथे उपयोगी पडतो. १८९० च्या कायद्यात ताबा, मुलाचा निर्वाहखर्च आणि भेटी यांवर एक नवे प्रकरण घालावे, असे आयोगाने सुचवले. त्यातील संयुक्त ताब्याच्या व्याख्येला दोन अंगे आहेत. पहिले, मुलाचा प्रत्यक्ष सहवास दोघांनी वाटून घेणे; तो समान किंवा न्यायालय ठरवील त्या प्रमाणात. दुसरे, मुलाच्या संगोपनाची जबाबदारी व त्याच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार दोघांनी समान वाटून घेणे. पहिल्या अंगात प्रमाण कमीजास्त होऊ शकते, दुसऱ्यात नाही. हा भेद अहवालाचे खरे योगदान आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला. वर्षातून चाळीस दिवस भेटणारे वडीलही शाळेच्या निवडीत, शस्त्रक्रियेच्या संमतीत, परगावी शिकायला पाठवण्याच्या निर्णयात बरोबरीने असू शकतात. उलट, निम्मे दिवस मूल मिळूनही हे निर्णय एकतर्फी होत असतील तर त्या व्यवस्थेला वाटलेली राखणदारी म्हणावे लागेल.

दोघांचे मत जुळले नाही तर काय, याबाबत आयोगाचा भर संगोपन आराखड्यावर आणि मध्यस्थीवर आहे. ही मदार मला अपुरी वाटते. ज्या जोडप्याला आराखडा लिहिता येतो त्याला न्यायालयाची गरज मुळात कमी असते. जे लिहू शकत नाहीत त्यांच्यासाठी निदान शाळा आणि वैद्यकीय उपचार या दोन बाबतींत अंतिम शब्द कोणाचा, हे आदेशातच लिहिलेले असावे.

एका मुद्द्यावर मात्र आयोगाशी मी पूर्ण सहमत आहे. संयुक्त ताबा हा सर्वांसाठी गृहीत नियम करावा, ही मागणी आयोगाने मान्य केली नाही. न्यायाधीशाला पटल्यास निवडता येईल असा तो एक पर्याय ठेवला. वडिलांच्या संघटनांना हे आवडले नाही. त्यांची व्यथा खरी आहे : महिन्यातून दोन शनिवार, न्यायालयाच्या आवारातल्या खोलीत, तासा-दोन तासांची भेट, आणि समोर घड्याळ. पण ऑस्ट्रेलियाने २००६ साली समान वाटलेल्या पालक-जबाबदारीचे गृहीतक कायद्यात घातले आणि मे २०२४ पासून ते काढून टाकले. लोक त्याचा अर्थ ‘निम्मा वेळ हा हक्क’ असा घेत, आणि घरात हिंसा असलेल्या प्रकरणांत तडजोडीचा दबाव वाढे, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. आपल्याकडे तर विभक्त झालेल्या अनेक स्त्रियांना स्वतःचे घर आणि उत्पन्नच नसते. तेथे समानतेचे गृहीतक ठेवल्यास, निर्वाहखर्च कमी करून घेण्यासाठी दिवस वाढवून मागण्याचा मार्ग आयता खुला होईल.

अहवालाला दहा वर्षे होऊन गेली. सुचवलेले प्रकरण कायद्यात आलेले नाही. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, अमेरिकेतून भारतात आणलेल्या मुलीच्या प्रकरणात, ‘भेटीच्या हक्का’बरोबर ‘संपर्काचा हक्क’ मान्य केला : ताबा नसलेल्या आईला वा वडिलांना मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे, शक्यतो व्हिडिओ कॉलवर, बोलता यावे. ही छोटी गोष्ट, पण कोणत्याही जिल्ह्यातील न्यायालयाला उद्यापासून आदेशात लिहिता येईल अशी. तिच्यासाठी दोन घरे जवळ असावी लागत नाहीत, आणि कोणाकडून काही काढून घ्यावेही लागत नाही.

ताब्याचे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात आणि परिस्थितीनुसार बदलता येतात, हे तत्त्व जुने आहे. व्यवहारात मात्र बदल हवा असलेल्याला नवा अर्ज, नवा वकील, नव्या आरोपांची जुळवाजुळव करावी लागते. तीन वर्षांच्या मुलासाठी आखलेले दिवस तेरा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाहीत. त्याला क्रिकेटचा सराव असतो, शिकवणी असते, मित्र असतात, आणि रविवारी कोणाकडे जायचे याविषयी स्वतःचे मत असते. आदेश देतानाच दोन-तीन वर्षांनंतरच्या पुनर्विलोकनाची तारीख त्यात घालण्यास आजच्या कायद्याचीही आडकाठी नाही. पुढील टिपणासाठी विद्यार्थ्यांनी आपल्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे ताब्याविषयीचे कोणतेही दोन निकाल काढावेत आणि त्यांत अशी तारीख, तसेच शाळेबाबत अंतिम निर्णय कोणाचा याचा उल्लेख, आहे का ते पाहून यावे.