शवागारातला पुरावा

'द ऑटॉप्सी ऑफ जेन डो' (२०१६) हा आंद्रे ओव्रेदाल या नॉर्वेजियन दिग्दर्शकाचा भयपट. अनोळखी स्त्रीच्या मृतदेहाची नोंद अमेरिकेत 'जेन डो' या नावाने करतात. व्हर्जिनियातील एका तळघरातल्या शवागारात टॉमी (ब्रायन कॉक्स) आणि त्यांचा मुलगा ऑस्टिन (एमिल हर्श) असा मृतदेह तपासायला घेतात. सकाळपर्यंत मृत्यूचे कारण सांगायचे आहे.

चित्रपटाचा पूर्वार्ध विज्ञान शिक्षकांना नक्की आवडेल. आधी बाहेरून तपासणी, मग आतून. दिसेल ते नोंदवायचे, तर्क नंतर. नोंदी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. डोळे धुरकट झालेले, म्हणजे मृत्यूला काही दिवस झाले असावेत. पण शरीर ताठलेले नाही. येथे जरा थांबू या. मृत्यूनंतर स्नायूंतील एटीपी संपते, आकुंचनाचे तंतू एकमेकांत अडकून राहतात आणि शरीर ताठरते. साधारण दीड-दोन दिवसांत ही ताठरता ओसरते. तेव्हा नुसत्या सैल शरीरावरून मृत्यूची वेळ ठरत नाही. खरे कोडे पुढचे आहे: काप घेताच रक्त वाहू लागते. हृदय थांबल्यावर रक्तदाब कुठला? मनगटांची हाडे मोडलेली, फुप्फुसे काळवंडलेली, पण त्वचेवर ओरखडाही नाही. पोटात आपल्या धोत्र्याची जातभाई असलेली वनस्पती सापडते. तिच्यातील अल्कलॉइडांमुळे माणूस भ्रमिष्ट होतो.

इथवर प्रत्येक पुरावा नवा प्रश्न विचारतो. उत्तरार्धात मात्र प्रश्न संपतात. दिवे जातात, प्रेते चालू लागतात आणि ही स्त्री सेलमच्या चेटकीण-खटल्यांच्या काळातली ठरते. 'कारण सापडले नाही' येथून 'कारण अलौकिक आहे' येथे पोहोचायला पुराव्याची एकही पायरी लागत नाही.

सेलममध्ये नेमके हेच घडले होते. १६९२ साली तेथील न्यायालयाने, आरोपीची छाया आपल्याला छळते, ही साक्ष पुरावा म्हणून मान्य केली. एकोणीस जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडून मारले. १६९३ मध्ये नव्या न्यायालयाने असा पुरावा नाकारला आणि बहुतेक आरोपी सुटले.

ती स्त्री निर्दोष होती, छळानेच तिला असे बनवले, असा तर्क टॉमी करतात. तो करुण आहे. पण पुढे पडद्यावर तीच एकेकाचा जीव घेते, म्हणजे आरोप करणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरते. डाकीण ठरवून स्त्रियांना मारल्याच्या घटना आपल्या देशात आजही घडतात, म्हणून हा दोष किरकोळ मानता येत नाही.

अभिनय संयत आहे, शवागाराचे वातावरण अस्सल आहे. चित्रपट लहानांसाठी नाही. मोठ्या विद्यार्थ्यांशी त्याबद्दल बोलताना शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: टॉमींनी नोंदवही नेमकी कोणत्या क्षणी बाजूला ठेवली, आणि त्या वेळी तुम्ही काय तपासले असते?