चार्ली ब्राऊनला जिंकू द्यायचं का?

आवडत्या कॉमिक स्ट्रिपवर अ‍ॅनिमेशनपट येणार म्हटलं की चाहत्यांना पहिली काळजी वाटते ती चित्रांची. २०१५च्या ‘द पीनट्स मूव्ही’बाबतही तेच झालं. चार्ल्स शुल्झची ती जराशी थरथरणारी रेघ, ठिपक्यांएवढे डोळे, चार्लीच्या कपाळावरची ती एक वेटोळी बट. हे सगळं थ्रीडीत फुगवून गुळगुळीत केलं तर उरणार काय?

ही भीती दिग्दर्शक स्टीव्ह मार्टिनो यांनी खोटी ठरवली. डोकी गोल झाली, पण त्यांवरचे डोळे-भुवया-ओठ पेनाने काढल्यासारखेच राहिले. स्नूपीचे आवाजही बिल मेलेंडेझ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून घेतले. रूपाबद्दलची कुरकुर बऱ्यापैकी थांबली. जुन्या वाचकांना खुपला तो शेवट.

शुल्झ यांनी ही स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० पासून फेब्रुवारी २००० पर्यंत काढली. त्या जवळपास पन्नास वर्षांत चार्लीचे पतंग झाडाने खाल्ले, बेसबॉलचे सामने हरले, आणि तो फुटबॉलला लाथ मारायला धावला की ल्यूसीने चेंडू उचलला. त्याला आवडणारी लाल केसांची मुलगी १९७७च्या एका टीव्ही-कार्यक्रमात दिसली खरी, पण स्ट्रिपमध्ये शुल्झ यांनी तिचा चेहरा कधीच काढला नाही. १९९८मध्ये दिसली तीही नुसती सावली.

चित्रपटात मात्र तिला चेहरा आहे, आवाज आहे. ती चार्लीला पत्रमित्र म्हणून निवडते, का निवडलं तेही सांगते. पतंगसुद्धा उडतो. मुलं आणि त्यांचे आईबाप खूश होऊन बाहेर पडले. जुन्या वाचकांपैकी अनेकांना वाटलं, हा आपला चार्ली नव्हे.

या नाराज वाचकांना निर्दयी म्हणणं सोपं आहे. बिचाऱ्याला एकदा जिंकू दिलं तर काय बिघडलं? शुल्झ यांनीही १९९३मध्ये त्याला होमरन मारू दिला होता. शिवाय स्ट्रिपमधली हार सोसवते, कारण उद्याच्या पेपरात नवी चौकट असते. चित्रपटाला उद्या नसतो. दीड तासात प्रेक्षकाला घरी पाठवायचं असतं.

पण मग १९६९चा ‘अ बॉय नेम्ड चार्ली ब्राऊन’ आठवतो. शुल्झ यांनीच लिहिलेल्या त्या चित्रपटात चार्ली स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचतो आणि ‘बीगल’ या शब्दावर हरतो. त्याचा स्वतःचा कुत्रा बीगल! घरी येऊन तो अंथरुणात पडून राहतो. लायनस येऊन एवढंच सांगतो की जग काही बुडालेलं नाही. चार्ली बाहेर पडतो, ल्यूसीच्या हातात चेंडू दिसतो, तो धावतो आणि परत पडतो. म्हणजे हरूनही चित्रपट संपवता येतो. आणि प्रेक्षकाला ते झेपत नाही असंही नाही. १९६५मध्ये ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ बघून सीबीएसच्या अधिकाऱ्यांना तो फसणार असं वाटलं होतं: संथ गती, जॅझ संगीत, खऱ्या मुलांचे अडखळते आवाज, पार्श्वभूमीला हशा नाही. त्या रात्री अमेरिकेतल्या चालू असलेल्या टीव्हींपैकी जवळपास निम्म्यांवर तोच उदास मुलगा दिसत होता.

२०१५च्या चित्रपटातला सर्वांत अस्सल प्रसंगही हरण्याचाच आहे. चार्लीला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळतात, शाळा त्याला डोक्यावर घेते. मग कळतं की पेपर दुसऱ्याच कुणाचा आहे. तो भर सभेत ते सांगतो आणि मिळालेलं सगळं सोडतो. इथे पीनट्स पुरेपूर आहे.

म्हणून माझी तक्रार त्याच्या जिंकण्याबद्दल नाही. लाल केसांची मुलगी त्याचे गुण एकेक करून सांगते, ते मला खटकतं. स्ट्रिपमध्ये ते काम वाचकाचं होतं. हा मुलगा चांगला आहे हे कुणीच म्हणत नव्हतं. रोज त्याला पडताना बघून ते आपल्यालाच कळायचं. आपणही असेच पडतो, हेही त्यासोबत कळायचं. चित्रपटाने ते प्रशस्तिपत्रकासारखं वाचून दाखवलं, आणि आपल्याला करण्यासारखं काही उरलं नाही.

बनवणाऱ्यांनाही हे जाणवलं असावं. श्रेयनामावली सुरू झाल्यावर ल्यूसी पुन्हा एकदा चेंडू धरून बसते. चार्ली धावतो. पुढे काय होतं ते स्ट्रिपच्या वाचकाला सांगायला नको. पण जे तोवर थिएटरबाहेर पडले, त्यांनी पाहिलेला चार्ली जिंकलेलाच राहिला.