माटोळीला गुण द्यायचे कशाचे?

मंडळी, मूर्ती आणि मखर यांच्याबद्दल बरंच बोलून झालं. आता जरा मान वर करून बघू. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात. तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंगं, चिबूड, काकड्या आणि रानातली कांगलां, घागऱ्या असं सगळं बांधतात. ही माटोळी. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना ही सजावट वाटेल. पण भाद्रपदात परसात आणि डोंगरावर काय काय आलंय, त्याची ही देवापुढे लावलेली हजेरी आहे. बांधायला केवणीच्या सालीचे दोर घेतात. सुतळीनेही काम भागतं म्हणा, पण केवण ओळखणारं कुणी घरात उरलंय की नाही, ते तिथेच कळतं.

गोव्याचं कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. तिचा फायदा मी नाकारत नाही. स्पर्धेसाठी लोक पुन्हा रानात जायला लागले, फळांना नावांच्या चिठ्ठ्या लागल्या, शहरातल्या पोरांना ती नावं वाचायला तरी मिळाली. पण स्पर्धा आली की मोजणी आली. वस्तूंचा आकडा शेकड्यांत गेला. मग आकडाही पुरेना, तेव्हा बिया आणि फळं जोडून पौराणिक चित्रं उभी राहायला लागली. कसब आहे, वादच नाही! पण चित्रात बसवलेलं कांगल हे कांगल राहत नाही, तो नुसता एक रंगाचा ठिपका होतो. आणि एखादी दुर्मीळ वेल केवळ आकडा वाढवायला तोडली, तर पुढच्या वर्षी हजेरी लावायला ती असेल का?

याच्या शेजारी घुमट आरती ठेवून पाहा. स्पर्धा तिच्याही होतात. तरीसुद्धा वाड्यावरची मंडळी घुमट, शामेळ, कांसाळें घेऊन घरोघर जातातच, कारण ती आरती एकट्याने होतच नाही. आज मी तुमच्याकडे, उद्या तुम्ही माझ्याकडे. तिथे परीक्षक कुणी नसतो; ताल चुकला तर शेजारचा नुसता डोळे वटारतो.

माटोळीही एकट्याची नव्हतीच. आजही चवथीच्या आधी म्हापसा, फोंडा, मडगावच्या बाजारात बायका रानातलं सामान घेऊन बसतात. कुठल्या उतारावर काय मिळतं, कुठलं फळ चार दिवस टिकतं, कुठलं दुसऱ्या दिवशीच गळतं, हे त्यांना पाठ असतं. बक्षीस मिळतं ते माटोळी बांधणाऱ्याला. या बाईशी मात्र आपण पाच रुपयांवरून घासाघीस करून येतो. परीक्षकांनी घरात शिरल्यावर वस्तू मोजण्याआधी एकच विचारावं: हे कुणी आणलं, आणि कुठून?