इंद्रायणीचा फेस कोणत्या लेखाशीर्षात शोधायचा?

आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस दिसला की पुढचा क्रम ठरलेला असतो. घाटावर कॅमेरे येतात, बातमी होते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, आश्वासन मिळतं. आणि पर्यावरण धोरणावर काम करणारा विद्यार्थी अर्थसंकल्प उघडून बसतो: सरकार यावर नेमका खर्च करतं तरी किती? मीही तसाच बसलो होतो आणि पहिल्याच प्रकरणात फसलो.

राज्याच्या अर्थसंकल्पात प्रत्येक विभागाला इंग्रजी अक्षर असतं. गृह बी, नगरविकास एफ, वित्त जी, पर्यावरण यू. मी यू उघडला, त्यातलं मुख्य लेखाशीर्ष 3435 (परिस्थितिकी आणि पर्यावरण) घेतलं, काही वर्षांचे आकडे काढले, एकूण खर्चाशी टक्केवारी लावली. आलेख देखणा झाला. टक्का इतका किरकोळ निघाला की 'शासनाची पर्यावरणाबाबत अनास्था' हे वाक्य आपोआप टाइप झालं. मार्गदर्शकांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "यात नदी कुठे आहे?"

नदी त्यात जवळपास नव्हतीच. अशा पद्धतीने लिहिलेले निबंध आपल्याकडे भरपूर आहेत, आणि माझा आक्षेप त्या पद्धतीलाच आहे. विभागाचं नाव म्हणजे विषय, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. 2020 मध्ये पर्यावरण विभागाचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' झालं. पण नाव लांबलं म्हणून मैलापाणी शुद्ध करण्याचं काम त्या विभागाकडे आलं नाही.

फेस कसा होतो ते बघा. साबण आणि डिटर्जंटमधली रसायनं प्रक्रिया न होता सांडपाण्यातून नदीत येतात आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे घुसळली जातात. कारखान्यांचं पाणी मिसळलं की प्रश्न आणखी बिकट. म्हणजे खर्च शोधायचा तो गटारं, मैलाशुद्धीकरण केंद्रं आणि तपासणी यांचा. आता हे पैसे कुठे आहेत? इंद्रायणी ही पिंपरी-चिंचवडची उत्तर हद्द. दक्षिण काठ महापालिकेचा, समोरचा काठ ग्रामपंचायतींचा आणि पीएमआरडीएच्या क्षेत्रातला, खाली आळंदीची छोटी नगरपरिषद. एकच पात्र, पण काठागणिक वही वेगळी. महापालिकेला राज्याकडून मिळणारं अनुदान एफ मध्ये दिसतं, तिचा स्वतःचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात दिसतच नाही. एमआयडीसी हे महामंडळ, त्याचे हिशेब वेगळे. तपासणी करणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 पासून आहे, पण ते मुख्यतः उद्योगांकडून येणाऱ्या संमतिपत्र शुल्कावर चालतं. पूर्वी 1977 च्या कायद्याखाली पाण्यावर उपकर होता आणि त्यातला वाटा राज्यांच्या मंडळांना परत मिळायचा. जीएसटी आला तेव्हा, 2017 मध्ये, तो उपकरही गेला. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच शुल्कावर मंडळ चालतं, ही माझ्या मते संपूर्ण विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 3435 च्या आलेखात तिचा ठिपकाही दिसत नाही.

मग सगळं एकत्र करून 'हरित' शिक्का मारायचा का? तसे प्रयत्न झालेत. बिहारने 2020-21 मध्ये हरित अर्थसंकल्प मांडला, मुंबई महापालिकेने 2024 मध्ये हवामान अर्थसंकल्प काढला. प्रयत्न चांगले आहेत, पण शिक्का कोण मारतो हे विचारायलाच हवं. पिंपरी-चिंचवडने जून 2025 मध्ये 200 कोटींचे हरित रोखे मुंबई शेअर बाजारात आणले. पैसा हरित सेतू आणि टेल्को रस्त्याच्या कामासाठी, म्हणजे पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्या सोयीसाठी. वाईट नाही. पण 'पिंपरी-चिंचवडचा हरित खर्च' म्हणून ही रक्कम धरली तर इंद्रायणीच्या पाण्यात त्याने काय फरक पडला, हे कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

ऊर्जेत गोंधळ आणखी मोठा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देणाऱ्या बळीराजा वीज सवलत योजनेसाठी 2024-25 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात 14,761 कोटी सांगितले गेले. त्याच वेळी सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणायचं चाललंय. वीज सौर झाली म्हणून सवलत हरित झाली का? भूजल उपसा तर दोन्हीकडे होणारच. मला विचाराल तर एकाच रकमेवर दोन शिक्के बसू शकतात, हे सरळ लिहावं. टक्केवारीत ते लपवू नये.

आणखी एक सापळा, आणि तो फार जणांना चकवतो: रकाने. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्यक्ष रकमा, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. बातमी शेवटच्या रकान्याची होते. खर्च पहिल्या रकान्यात असतो, तोही दोन वर्षं जुना. शेजारच्या पुण्याचं उदाहरण घ्या. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जाचा सुमारे 990 कोटींचा प्रकल्प जानेवारी 2016 मध्ये मंजूर झाला, भूमिपूजन व्हायला मार्च 2022 उजाडला. मधल्या काळात 'तरतूद आहे' हे वाक्य खरंच होतं. नदीत मात्र तेच पाणी वाहत होतं. तेव्हा भाषणातला आकडा उचलण्याआधी बीम्स प्रणालीवर वितरित आणि खर्च झालेली रक्कम पाहा, आणि महालेखापालांच्या वित्त लेख्यांशी ताडून घ्या. कंटाळवाणं काम आहे. दोन आठवडे जातात.

माझं प्रकरण मी शेवटी उलट्या बाजूने लिहायला घेतलं. आधी नदीला मिळणारा एक नाला, मग तो कोणाच्या हद्दीत, त्यावरचं केंद्र कोणी बांधलं, चालवायचं वीजबिल कोण भरतं, तपासणी कोण करतं. प्रत्येक उत्तरासमोर एक वही. बांधकामाचा पैसा भांडवली, वीजबिल महसुली, आणि वीजबिल थकलं की बांधलेलं केंद्र नुसतं उभं. यू चा आलेख परिशिष्टात टाकलाय. खाली टीप लिहिली आहे: हा पर्यावरण विभागाचा खर्च आहे, पर्यावरणावरचा नाही.